आरटीई २५ टक्के प्रवेश पोर्टल: सोडत चोख, नकाशा कच्चा

महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित शाळेत मूल मोफत शिकवायचे असेल तर दार एकच आहे: शिक्षण संचालनालयाचे आरटीई २५ टक्के प्रवेश पोर्टल. २००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यातल्या कलम १२ नुसार अशा शाळांना आपल्या प्रवेशवर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम केली. अर्ज शाळेत करायचा नसतो, शाळा मुलाची परीक्षा घेत नाही, आईवडिलांची मुलाखत घेत नाही. सगळे अर्ज एका ठिकाणी जमा होतात आणि संपूर्ण राज्याची सोडत एकदाच निघते.

सेवा म्हणून या पोर्टलबद्दलचे मत आधीच सांगतो. अर्ज मोफत आहे, सोडत विश्वास ठेवावा अशी आहे, पण सोडतीच्या अलीकडचा नकाशा आणि पलीकडची कागदपत्रांची पडताळणी या दोन जागा अजून कच्च्या आहेत. नशीब साथ देत नाही म्हणून जागा जाते तसे बऱ्याच मुलांची जागा या दोन ठिकाणी जाते. नशिबावर इलाज नाही, या दोन गोष्टींवर आहे. पुढचा तपशील २०२५-२६ च्या फेरीवर बेतलेला आहे. तारखा आणि काही अटी दर वर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज सुरू होताच त्या वर्षीची सूचना आणि कागदपत्रांची यादी पोर्टलवरून उतरवून घ्यावी आणि तीच प्रमाण मानावी.

आधी स्पर्धेचा अंदाज. २०२५-२६ साठी राज्यातल्या सुमारे ८,८६० शाळांत १ लाख ९ हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाख ५ हजारांवर. म्हणजे सरासरी एका जागेमागे जवळपास तीन मुले. १० फेब्रुवारी २०२५ च्या सोडतीत १ लाख २ हजारांच्या आसपास मुलांची निवड झाली, आणि ८५ हजारांहून अधिक मुले प्रतीक्षा यादीत गेली. या आकड्यांत एक गोष्ट सहज निसटते: अर्ज जागांच्या तिप्पट असतानाही पहिल्याच यादीत हजारो जागा रिकाम्या राहिल्या. कारण सगळ्यांनी त्याच त्या नावाजलेल्या शाळा भरल्या आणि बाकीच्या शाळांकडे कुणी फिरकले नाही. पुणे जिल्ह्यात तर साडेअठरा हजारांच्या आसपास जागांसाठी साठ हजारांवर अर्ज होते. शाळा निवडताना हे गणित डोळ्यांसमोर असावे.

पात्रता थोडक्यात अशी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्गातली मुले, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेली मुले, एचआयव्हीबाधित किंवा बाधित पालकांची मुले, अनाथ मुले आणि कोविडमध्ये पालक गमावलेली मुले वंचित घटकात येतात. यांना उत्पन्नाची अट नाही. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना पूर्वी उत्पन्नाची अट होती, ती २०१८ पासून गेली. तरीही कितीतरी सायबर कॅफेवाले त्यांच्याकडून आजही उत्पन्नाचा दाखला मागतात. खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असेल तर मूल आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करू शकते. ही एक लाखाची मर्यादा आजच्या काळात फारच तोकडी आहे. शहरात महिना बारा हजार कमावणारा सुरक्षारक्षकही तिच्या बाहेर पडतो. या योजनेतला सर्वांत अन्यायाचा भाग हाच आहे आणि तो बदलायला हवा.

वयाचा हिशेब ३१ डिसेंबर धरून होतो. २०२५-२६ साठी पहिलीच्या मुलाला ३१ डिसेंबर २०२५ रोजी सहा वर्षे पूर्ण हवी होती आणि कमाल मर्यादा ७ वर्षे ५ महिने ३० दिवस होती. जन्मतारखेत सांगायचे तर १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९. नर्सरीसाठी १ जुलै २०२१ ते ३१ डिसेंबर २०२२. ज्युनिअर आणि सिनिअर केजी याच रीतीने मध्ये बसतात. मर्यादा दीड वर्षाची असल्यामुळे जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल लागोपाठच्या दोन वर्गांच्या वयात बसते. ऑक्टोबर २०१९ चे मूल सिनिअर केजीतही बसत होते आणि पहिलीतही. जानेवारी ते जूनमध्ये जन्मलेल्या मुलाला असा पर्याय नसतो. दोन वर्गांत बसत असेल तर परिसरातल्या शाळांची यादी पाहूनच वर्ग ठरवावा. कारण प्रत्येक शाळेचा प्रवेशस्तर ठरलेला असतो. ज्या शाळेचा आरटीई प्रवेश नर्सरीला होतो ती पहिलीला या योजनेतून नवीन मूल घेत नाही. ‘आता लहान आहे, पहिलीला बघू’ म्हणत थांबलेल्या पालकांना तीन वर्षांनी कळते की जवळच्या निम्म्या शाळांचे दार त्यांच्यासाठी केव्हाच बंद झाले आहे. मूल तीन वर्षांचे होण्याआधी यादी एकदा पाहून ठेवावी, पोर्टलवर ती जिल्हावार आणि शाळावार दिसते.

यादीत एखादी मोठी शाळा सापडत नाही तेव्हा पालक पोर्टलची चूक समजतात. बहुतेक वेळा ती शाळा अल्पसंख्याक दर्जाची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या, म्हणून मुंबई-पुण्यातल्या अनेक जुन्या कॉन्व्हेंट शाळा इथे दिसत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने त्या निकालाच्या फेरविचाराची गरज सांगून प्रकरण पुढे पाठवले आहे, पण तूर्त स्थिती तीच आहे. बोर्डाचा मात्र संबंध नाही. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, सगळ्या विनाअनुदानित बिगर-अल्पसंख्याक शाळा यात येतात.

अर्जाची सुरुवात साधी आहे. मुलाचे नाव, जिल्हा, जन्मतारीख, मोबाईल क्रमांक भरला की अर्ज क्रमांक आणि पासवर्ड मिळतो. तो लगेच कागदावर उतरवून घ्यावा. मोबाईल क्रमांक घरातल्याच कुणाचा तरी द्यावा, आणि तो पुढचे सहा महिने चालू राहिला पाहिजे. कॅफेवाल्याचा क्रमांक पडला तर पुढचे सगळे एसएमएस त्याच्याकडे जातात. नावाचे स्पेलिंग जन्मदाखल्यावर आहे तसेच टाकावे, आधार कार्डावर वेगळे असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्यावे. एका मुलाचा एकच अर्ज. दोन भरले आणि ते तपासणीत आढळले तर दोन्ही बाद होतात. आजीच्या पत्त्यावरून एक आणि स्वतःच्या पत्त्यावरून एक असा प्रकार करणाऱ्यांची दोन्ही दारे अशी बंद होतात. अर्जात चूक राहिली आणि तो सबमिट झाला असेल तर मुदत संपण्याआधी जुना अर्ज डिलीट करून नवा भरता येतो. मुदतीनंतर काहीही बदलता येत नाही.

आता नकाशा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

पोर्टलवर घराचा पत्ता टाकल्यावर गुगल नकाशा उघडतो आणि त्यावर लाल खूण येते. पोर्टलच्या भाषेत तिला बलून म्हणतात. तो ओढून आपल्या घरावर नेऊन ठेवायचा असतो. त्या बिंदूपासून शाळेच्या बिंदूपर्यंतचे सरळ रेषेतले अंतर पोर्टल मोजते आणि शाळांचे तीन गट पडतात: १ किलोमीटरच्या आत, १ ते ३ किलोमीटर, आणि ३ किलोमीटरच्या पुढे. सोडतीत पहिला मान १ किलोमीटरच्या आतल्या मुलांचा. तिथे जागा उरल्या तर पुढच्या गटाचा विचार. नावाजलेल्या शाळेत पहिल्या गटातच जागा संपतात, त्यामुळे ९८० मीटर आणि १,०२० मीटर यांत चाळीस मीटरचाच फरक दिसला तरी प्रत्यक्षात तो जागा मिळण्या न मिळण्याचा फरक असतो.

गडबड होते ती अशी. पत्त्यातली वस्ती किंवा कॉलनीचे नाव टाकले की गुगल बलून त्या भागाच्या मध्यावर ठेवतो, घरावर नाही. मोठ्या झोपडपट्टीत हा फरक चारपाचशे मीटरचा होतो. गावात तर वाडीचे नाव न सापडल्याने बलून थेट ग्रामपंचायतीच्या गावठाणात जाऊन बसतो आणि घर तिथून दोन किलोमीटरवर असते. कॅफेत घाईघाईने अर्ज भरणारा माणूस बलून जिथे पडला तिथेच ठेवून पुढे जातो. यातून दोन प्रकारच्या चुका होतात आणि त्यांचे परिणाम सारखे नाहीत. बलून शाळेच्या जास्त जवळ पडला तर लॉटरी लागू शकते, पण पडताळणीत पत्ता आणि ठिकाण जुळत नाही म्हणून प्रवेश रद्द होतो. बलून शाळेपासून लांब पडला तर मूल मागच्या गटात ढकलले जाते, नंबर लागत नाही, आणि असे का झाले हे पालकाला कधीच कळत नाही. ही दुसरी चूक कुणी पकडत नाही. म्हणून ती जास्त घातक.

उपाय आहे आणि तो अर्ज भरण्याआधी घरीच करायचा आहे. घराच्या दारात उभे राहून मोबाईलवर गुगल मॅप्स उघडावे, उपग्रहाचे चित्र लावावे, स्वतःच्या छपरावर बोट दाबून धरावे आणि येणारे अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहून घ्यावेत. त्याच अॅपमध्ये अंतर मोजण्याची सोय आहे, तिने प्रत्येक शाळेपर्यंतचे सरळ अंतर पाहून ठेवावे. पोर्टलवर बलून ठेवल्यावर दिसणारे अंतर आणि आपले अंतर यांत शंभर मीटरपेक्षा जास्त तफावत दिसली तर थांबावे. बलून पाच वेळाच निश्चित करता येतो, त्यामुळे ‘हलवून बघू’ असे प्रयोग करू नयेत. तफावत एकाच शाळेच्या बाबतीत असेल आणि बाकी शाळांची अंतरे बरोबर असतील, तर शाळेचा बिंदू चुकीचा नोंदलेला असण्याची शक्यता आहे. हे अर्ज सुरू होताच गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी कळवावे, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये.

आमच्या मते पोर्टलचे खरे अपयश याच पानावर आहे. बलून ठेवल्यावर ‘हा पत्ता तुमच्या लिहिलेल्या पत्त्याशी जुळत नाही’ असा इशारा येत नाही. तीन-साडेतीन लाख कुटुंबांच्या मुलांचे भवितव्य ज्या एका टिंबावर ठरते, तिथे एवढी तरी राखण असायला हवी.

सरळ अंतराची आणखी एक बाजू आहे. मधे रेल्वेमार्ग, नाला किंवा नदी असेल तर नकाशावरचे ९०० मीटर प्रत्यक्षात दोन-अडीच किलोमीटर होतात. सोडतीसाठी ते १ किलोमीटरच्या आतच धरले जाईल, पण मुलाला रोज पूल ओलांडून कोण नेणार याचा विचार आईवडिलांनी करायचा आहे. शाळेची बस मोफत नसते.

शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात. दहाच्या दहा भरल्याच पाहिजेत असे नाही, पण भरल्या तर संधी वाढते. यादीतली कुठलीही शाळा लागू शकते, हे मनात पक्के धरून नावे घालावीत. नंबर लागूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत त्या मुलाचा विचार होत नाही. ‘लागली तर बघू’ म्हणून टाकलेली दहावी शाळाच लागते आणि मग प्रतीक्षा यादीतली आवडती शाळाही हातची जाते. आमचा सल्ला असा: १ किलोमीटरच्या आतल्या सगळ्या पटणाऱ्या शाळा आधी घ्याव्यात, त्यांत एक-दोन नावाजलेल्या चालतील. उरलेल्या जागा १ ते ३ किलोमीटरमधल्या, फारशी चर्चा नसलेल्या पण बऱ्या शाळांनी भराव्यात. ३ किलोमीटरपलीकडची नावाजलेली शाळा टाकण्यात बहुधा काही हशील नाही.

निवडीआधी प्रत्येक शाळेत एकदा जाऊन यावे. तीन गोष्टी पाहाव्यात. शाळा कितवीपर्यंत आहे हे सगळ्यात महत्त्वाचे. मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे, पण शाळाच चौथीपर्यंत असेल तर पाचवीला नवी शाळा शोधण्याचे ओझे पालकांवर येते, म्हणून आठवीपर्यंतची शाळा असेल तर तिलाच पसंती द्यावी. दुसरे, शाळेची फी किती आहे. आज ती भरायची नाही, पण नववीपासून पूर्ण फी पालकांची. सव्वा लाखाची शाळा आणि तीस हजारांची शाळा यांतला फरक नववीत एका झटक्यात अंगावर येतो. तिसरे, गेल्या वर्षी आरटीईतून आलेल्या मुलांच्या पालकांना फाटकाबाहेर गाठून बोलावे. पुस्तके, गणवेश, उपक्रम यांपोटी किती पैसे मागितले गेले ते त्यांच्याकडूनच खरे कळते.

कागदपत्रे अर्ज भरताना अपलोड करायची नसतात, आणि तिथेच लोक फसतात. त्यांना वाटते, नंबर लागल्यावर काढू. पडताळणीची खिडकी दोन आठवड्यांच्या आसपास असते. २०२५-२६ च्या पहिल्या फेरीसाठी १४ ते २८ फेब्रुवारी अशी मुदत होती, पुढे ती वाढवली गेली, पण वाढ मिळेलच असे धरून चालू नये. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस आणि जातीच्या दाखल्याला त्याहून जास्त लागतात. शिवाय काही कागदांची तारीख अर्जाच्या आधीची असावी लागते. मागाहून काढलेला कागद तिथे चालत नाही.

राहण्याच्या पुराव्यासाठी रेशनकार्ड, वाहन परवाना, वीजबिल, टेलिफोन बिल, पाणीपट्टी, घरपट्टी, आधार, मतदान ओळखपत्र, पासपोर्ट यांपैकी एक चालते. बँकेचे पासबुक राष्ट्रीयीकृत बँकेचेच लागते, पतसंस्थेचे किंवा स्थानिक बँकेचे घेत नाहीत. गॅसचे पुस्तक आता पुरावा म्हणून धरत नाहीत, तरी जुन्या माहितीवर विसंबून ते घेऊन येणारे पालक प्रत्येक फेरीत दिसतात. भाड्याने राहणाऱ्यांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला भाडेकरारच लागतो. नोटरी केलेला, पाचशेच्या स्टँपवरचा कागद उपयोगाचा नाही. करार अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा हवा. २०२५-२६ चे अर्ज जानेवारीतच सुरू झाले होते, म्हणून भाड्याने राहणाऱ्यांनी नोंदणीचे काम दिवाळीच्या सुमारासच उरकावे. करारावर ठिकाण पूर्ण लिहून घ्यावे. इमारतीचे नाव, विंग, खोली क्रमांक, रस्ता, पिनकोड. ‘अमुक चाळ, तमुक नगर’ एवढेच असेल तर बलूनशी ते जुळवताना समितीसमोर वाद होतो. आणि आधारवर गावचा पत्ता, करारावर शहराचा, असे असेल तर करार पुढे करावा, दोन्ही कागद एकदम टेबलावर टाकू नयेत.

जातीचा दाखला वडिलांचा किंवा मुलाचा चालतो. परराज्याचा चालत नाही. महाराष्ट्रात पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या, कर्नाटक किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांचे अर्ज इथे अडतात. त्यांनी उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास दुर्बल घटकातून अर्ज करणे शहाणपणाचे. उत्पन्नासाठी तहसीलदारांचा दाखला, किंवा नोकरदाराला पगारपत्रक अथवा मालकाचे प्रमाणपत्र चालते. वर्ष नीट पाहावे: २०२५-२६ साठी २०२३-२४ किंवा २०२४-२५ चे उत्पन्न धरले गेले. तीन वर्षांच्या दाखल्यावर योग्य वर्ष आहे का ते तपासून घ्यावे. आमच्या पाहण्यात तहसीलदारांचा दाखला समितीसमोर सर्वांत कमी अडतो, छोट्या कारखानदाराने लेटरहेडवर दिलेल्या पत्राची शहानिशा मात्र होते.

जन्मदाखला नसेल तर अंगणवाडी किंवा दवाखान्याच्या नोंदवहीतला उतारा किंवा पालकांचे प्रतिज्ञापत्र असा मार्ग आहे. घटस्फोटित आईसाठी न्यायालयाचा निकाल आणि तिचा स्वतःचा पत्त्याचा पुरावा, विधवा आईसाठी पतीचा मृत्यू दाखला, अपंगत्वासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र. एकट्या आईने हे कागद आधीच एका फाईलमध्ये लावून ठेवावेत. वेळेवर सगळ्यात जास्त धावपळ तिचीच होते.

सोडतीच्या दिवशी काही करायचे नसते. निकाल लागल्यावर एसएमएस येतो, पण त्याच्यावर विसंबू नये. तो उशिरा येतो, कधी येतच नाही. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती रोज पाहावी. निकालाच्या पहिल्या दिवशी पोर्टल जड चालते, पान उघडत नाही म्हणून घाबरू नये, रात्री उशिरा किंवा पहाटे पुन्हा पाहावे. लॉटरी आधीच लावून देतो असे सांगणारी माणसे दर वर्षी निघतात. सोडत शाळेच्या, शिक्षणाधिकाऱ्याच्या किंवा दलालाच्या हातात नसते, त्यांना दिलेला रुपया वाया गेला असे समजावे. खोट्या पत्त्यावर प्रवेश घेण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये. २०२४ मध्ये नागपुरात बनावट कागदपत्रे दिल्याबद्दल पालकांवर गुन्हे नोंदवले गेले, आणि असा प्रवेश पुढे कधीही रद्द होऊ शकतो.

नंबर लागला की थेट शाळेत जाऊ नये. आधी पोर्टलवरून निवडपत्र आणि हमीपत्र छापून घ्यावे. मग मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन पंचायत समिती किंवा महापालिकेच्या वॉर्डातल्या पडताळणी समितीकडे जावे. समिती कागद पाहून निवडपत्रावर सही-शिक्का देते आणि पोर्टलवर नोंद करते. ती नोंद आपल्यासमोर झाली का ते विचारून घ्यावे. शिक्का मिळाला पण नोंद राहिली, मुदत संपली आणि जागा प्रतीक्षा यादीकडे गेली, असे घडते. त्यानंतर शाळेत जाऊन प्रवेश निश्चित करायचा आणि पावती घ्यायची. समितीने प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर पुढे तक्रार उभी राहत नाही.

समित्यांचा अनुभव सारखा नाही. काही वॉर्डांत शिक्षक आपुलकीने कागद लावून देतात, कुठला उणा आहे ते आधी सांगतात. काही ठिकाणी टोकन नाही, बसायला जागा नाही, आणि रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला ‘उद्या या’ सांगितले जाते. सकाळी कार्यालय उघडताना आणि पहिल्या तीन दिवसांत जाणे हाच त्यावर मार्ग.

शाळेने प्रवेशावेळी देणगी, ठेव किंवा नोंदणी शुल्क मागितले तर देऊ नये. मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापट दंड होऊ शकतो. आरटीईच्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवता येत नाही. तक्रार लेखी, गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे करावी आणि पोचपावती घ्यावी. कायद्याने तीन महिन्यांत तिचा निकाल लावायचा असतो, त्यावर समाधान झाले नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

शाळांची बाजूही समजून घ्यावी, कारण तिची झळ मुलांना लागते. सरकार प्रत्येक मुलामागे शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत शुल्क प्रतिपूर्ती देते, आणि ती वर्षानुवर्षे थकते. लहान इंग्रजी शाळा मग पुस्तकांच्या, उपक्रमांच्या नावाने पालकांकडे हात पसरतात. हे चुकीचे आहे, पण याचे मूळ मंत्रालयातल्या थकबाकीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती. तेव्हा पोर्टलवर सरकारी आणि अनुदानित शाळाही धरून सुमारे ७६ हजार शाळा दिसत होत्या, जागा पावणेनऊ लाखांवर होत्या आणि अर्ज आले जेमतेम ७० हजारांच्या घरात. पालकांना काय हवे आहे याचे याहून स्पष्ट उत्तर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचाच निर्णय राखला. पण त्या वर्षीच्या मुलांचे प्रवेश शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर झाले.

प्रतीक्षा यादीतल्यांनी आशा सोडू नये आणि मोबाईलही बंद ठेवू नये. पहिल्या फेरीत कागद अडलेल्या आणि न आलेल्या मुलांच्या जागा टप्प्याटप्प्याने खाली सरकतात, आणि प्रत्येक टप्प्याला काहीच दिवसांची मुदत मिळते. तोवर जवळच्या अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत नाव घालून ठेवावे. तिथले नाव असल्याने आरटीईचा हक्क जात नाही, आणि जूनमध्ये मूल घरी बसत नाही. खासगी शाळेत फी भरून जागा धरायची असेल तर पैसे परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. यादी पुढे सरकून नंबर लागला, पण धरलेली फी बुडेल म्हणून पालकांनी मोफत जागा सोडली, असेही होते.